तोंडी परीक्षेचे दिवस

ता. ३, सोमवार

आलं एकदाचं परिपत्रक. पटसंख्या कमी असलेल्या शाळा बंद करून मुलांना पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवणार, आणि त्यात आमचा नंबर लागलाय. खाली मेहेरबानी केल्यासारखी एक ओळ: तालुक्याचे साहेब स्वतः येऊन मुलांची तोंडी परीक्षा घेतील, तयारी उत्तम दिसली तर शाळा आहे तिथेच राहू देतील. म्हणजे वर्षभर आम्ही इथे गोट्या खेळत होतो, असंच त्यांना वाटतं. तोंडी तेरा तारखेला, वार्षिक निकाल पंधराला. त्याच्या आत हस्तकलेचं प्रदर्शन, चौथीचा निरोप, वर्ग धुणं, पुस्तकं परत घेणं. दरवर्षी या दिवसांत माझं डोकं फिरलेलं असतंच, यंदा तर विचारायलाच नको.

दोन खोल्यांची ही शाळा. एका खोलीत मी, पहिली आणि चौथी घेऊन. दुसरीत धाकट्या बाई, दुसरी आणि तिसरी घेऊन. मला मुलं मोठ्या बाई म्हणतात. वयाने, हुद्द्याने आणि अंगाने, तिन्ही बाजूंनी ते बरोबर आहे. धाकट्या बाई मागच्या वर्षीच आल्या. काडीसारख्या आहेत आणि बोलतात तेही काडीसारखंच.

मुंगीच्या आईने फाटकातच गाठलं. मुंगी म्हणजे पहिलीतलं सगळ्यांत लहान माणूस. दप्तर पाठीला लावलं की मागून नुसतं दप्तर चालताना दिसतं. आई म्हणाली, पुलापलीकडे ट्रकचा रस्ता आहे, शाळा तिकडे गेली तर मी हिला घरीच ठेवणार, आणि अशा मी एकटी नाही. त्या बाईचा आवाज मात्र खणखणीत आहे. सगळ्यांनी असं बोलावं.

वही काढून लिहीत बसले, कारण ह्यांच्याशी बोलायला जावं तर हे रेडिओच्या आवाजावरून भांडतात. निवृत्त झाल्यापासून ह्यांचे कान फार नाजूक झालेत. बातम्या लावल्या की उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसतात.

ता. ५, बुधवार

आजपासून तोंडीची तयारी. चौथीची भिंगरी बिनचूक आहे. ती एका जागी उभी राहत नाही म्हणून तिचं हे नाव पडलं, पण डोकं मात्र जागेवर असतं.

या वर्षीच्या मुलांना एक फार सुरेख वळण लागलंय, ते लिहून ठेवते. कोणालाही बोलायचं असलं की जागेवरून बोलत नाही. टेबलाजवळ यायचं, टेबलाच्या कोपऱ्यावर बोट टेकवायचं, माझ्यासमोर उभं राहायचं, आधी प्रश्न म्हणायचा आणि मग उत्तर. तेही मोठ्याने, एकेक शब्द सुटा. दुसऱ्याने विचारलेला प्रश्नसुद्धा परत म्हणून दाखवतात. मी म्हणते "बरोबर, बस", की जातात. हे मी नेमकं कधी शिकवलं ते आठवत नाही, पण माझ्याशिवाय कोण शिकवणार? पहिलीची पोरंसुद्धा चौथीचं बघून तसंच करतात. साहेबांच्या डोळ्यांत भरेल अशी ही गोष्ट आहे.

घंटेचा लोलक मात्र पार झिजलाय. मधली सुट्टी संपली की मुलं येऊन मला सांगतात, तेव्हा कळतं. लोहाराला निरोप दिला. साहेब येतील तेव्हा घंटा तरी नीट वाजायला हवी.

ता. ६, गुरुवार

धाकट्या बाईंचं काहीतरी बिनसलंय.

मुलांनी नळावर पाट्या धुतल्या, त्या आम्ही दोघी पुसून रचत होतो. नळ धो धो वाहत होता. ही मान खाली घालून काहीतरी बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच डोळे पुसले. आता एवढ्या बारीक आवाजात बोलायचं, तेही नळाशी, तर माणसाने काय समजायचं? पण एवढ्या वर्षांत मी माणसं ओळखायला शिकले आहे. बदली मागतेय. तरुण मुलगी आहे, इथे ना बाजार ना सोबतीला कोणी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बघू गं. वर्ष संपू दे, मग बघू." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला घरातून बाहेर काढलंय. मग सगळ्या पाट्या उचलून एकटीच आत गेली.

वाईट वाटलं. पण शाळेवर हे संकट असताना हिला बदली सुचते, याचा रागही आला.

ता. ८, शनिवार

आज प्रदर्शन. मातीची भांडी, कागदाची घरं, काड्यांचा पूल. पुलावरून भिंगरीने कागदाचे ट्रक सोडले होते आणि खाली लिहिलं होतं, "आम्हाला इथून जायचं नाही." पोरगी बेरकी आहे. पालक खूश झाले. मीही खूश होते दुपारपर्यंत.

दुपारी मुंगीच्या आईने सहज सांगितलं की काल धाकट्या बाई तालुक्याला साहेबांच्या ऑफिसात दिसल्या. काल तिने माझ्याकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, दात दुखतो म्हणून.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता एकेक गोष्ट जुळायला लागली. मी खोलीत शिरले की ती आणि चौथीची मुलं एकदम गप्प होतात. ओठ हलताना दिसतात आणि मी जवळ गेले की बंद. परवा तर ती भिंगरीला हातवारे करून काही शिकवत होती. मी विचारलं, काय चाललंय, तर दोघीही मोठ्याने म्हणाल्या, काही नाही बाई. इतक्या मोठ्याने "काही नाही" कोण म्हणतं?

हिला मोठ्या शाळेत जागा हवी आहे. ही शाळा बंद झाली तर हिचं आपोआप होईल. म्हणूनच ऑफिसात गेली. आणि मी हिला पहिल्या दिवशी माझ्या डब्यातलं खायला घातलं होतं.

ता. ९, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "अगं, ती पोरगी तसली नाही. तू आधी एकदा तालुक्याला डॉक्टरकडे चल." मी म्हटलं, विषय काय आणि तुम्ही बोलताय काय. माझी तब्येत ठणठणीत आहे. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं आणि त्यामागून आणखी काहीतरी पुटपुटले. संसारात एवढी वर्षं झाली की माणसं एकमेकांशी नीट बोलतसुद्धा नाहीत.

चिंचेवर यंदा पाखरंच नाहीत. उन्हाळा कडक आहे.

ता. ११, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लावला. पण अर्धाच.

धाकट्या बाईंना सांगितलं की परवा साहेब पहिल्यांदा माझ्या वर्गात येतील, तेव्हा तुम्ही तुमच्या खोलीत थांबायचं आणि मधलं दार लावून घ्यायचं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. समोर येऊन उभी राहिली, अगदी माझ्या नाकासमोर, आणि म्हणाली, "बाई, मला तुमच्या शेजारी उभं राहू द्या. मी काही बोलणार नाही. फक्त साहेबांचा प्रश्न मुलांना नीट सांगेन."

मी म्हटलं, साहेबांना स्वतःचं तोंड आहे आणि माझ्या मुलांना स्वतःचे कान आहेत. मध्ये दलाल कशाला हवा? तुला जिथे जायचं असेल तिथे पंधरा तारखेनंतर जा, मी आडवी येणार नाही. पण तोवर माझ्या वर्गात पाऊल टाकू नकोस.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. फक्त म्हणाली, बरं बाई. आणि मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलांना घेऊन चिंचेखाली जाऊन बसली. मी खिडकीतून पाहिलं. भिंगरी पुन्हापुन्हा मान हलवत होती आणि मुंगी उगाचच त्यांच्यात जाऊन बसली होती.

जेवण गेलं नाही. या शाळेच्या फरश्या बसत होत्या तेव्हा मी उभं राहून बसवून घेतल्यात. ती बंद होऊन तिथे कोणी खताची पोती ठेवलेली मला बघवणार नाही. तसं झालंच तर मी या रस्त्याने जाणार नाही, लांबून जाईन.

ता. १२, बुधवार

फळा काळा केला. घंटेला नवा लोलक बसवला. लोहार म्हणाला, जुन्याला काही झालं नव्हतं. बसवून झाल्यावर त्याने वाजवून दाखवला. फार काही फरक वाटला नाही. हल्लीच्या लोखंडात दमच नाही.

उद्या.

ता. १३, गुरुवार

जसं झालं तसंच लिहिते.

साहेब वेळेवर आले. मला वाटलं होतं मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस असेल. हा तर सडपातळ, मऊ, चष्मेवाला. माझ्या खुर्चीवर बसा म्हटलं तर हात जोडले आणि थेट मागच्या बाकावर जाऊन खिडकीशी बसले. उजेड त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरा नीट दिसेना. मधलं दार बंद होतं. त्याच्या फटीत धाकट्या बाईंच्या साडीचा काठ दिसत होता, म्हणजे दाराला टेकून उभी होती. मी तिकडे पाहिलंच नाही.

साहेब प्रश्न विचारतात ते मला कळेचना. कागद घेऊन बसले होते, मला वाटलं अजून मनात जुळवताहेत. तेवढ्यात भिंगरी उठली, टेबलापाशी आली, कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "साहेब विचारतात, नदीचं पाणी समुद्राला मिळतं तर समुद्र भरून का वाहत नाही?" आणि मग उत्तर दिलं, ऊन, वाफ, ढग, सगळं. मी म्हटलं, बरोबर, बस. माझी छाती फुगली. मग दुसरा आला. मग तिसरी. एकामागून एक, न अडखळता. हिशेब, दिशा, कविता. पहिलीचा एक जण अर्ध्यात विसरला तर भिंगरीने त्याला मागून प्रश्न पुन्हा सांगितला. मी साहेबांकडे अशी बघत होते, जणू म्हणत होते, आता बोला.

साहेब मात्र कागद सोडून माझ्याकडेच बघत होते. मग मुलांकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

मग ते काहीतरी बोलले असणार, कारण वर्ग एकदम थिजला. कोणीच उठेना. मी म्हटलं, काय झालं, येत नाही का कोणाला? सगळी चौथी खाली बघत होती. भिंगरीचे डोळे भरले होते. सगळं इतकं चांगलं चाललेलं आणि आता एका प्रश्नावर घालवणार, असं वाटलं.

तेवढ्यात मुंगी जागेवर उभी राहिली. साहेबांकडे तोंड करून काही बोलली. मला फक्त तिच्या वेण्या दिसत होत्या. भिंगरीने तिचा फ्रॉक धरून खाली ओढलं, पण मुंगी ती मुंगीच. फ्रॉक सोडवला आणि तुरुतुरु टेबलाकडे आली. नियम म्हणजे नियम. टेबलाच्या कोपऱ्यावर तिचं बोट पोचेना म्हणून टाचा उंच केल्या. माझ्यासमोर उभी राहिली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"साहेब विचारतात, प्रत्येक प्रश्न पुन्हा का म्हणता? मी सांगितलं, मोठ्या बाईंना ऐकू येत नाही म्हणून."

आणि उभी राहिली. जायची वाट बघत.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "बरोबर, बस."

ती गेली. मग मला कळलं, मी काय म्हटलं ते. मधलं दार उघडलं होतं. धाकट्या बाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. साहेबांनी कागदाची घडी घातली. जवळ येऊन माझ्याशी काही बोलले, नमस्कार केला, दुसऱ्या खोलीत गेले. मी "हो, हो" म्हणत राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही. ते गेले तेव्हासुद्धा मी "हो, हो" म्हणत होते.

ता. १४, शुक्रवार

मला ऐकू येतं. कोणी नीट बोललं तर सगळं येतं.

सकाळी हे लिहिलं आणि शाळेत गेले. मुलांना आज सुट्टी, आम्हा दोघींना निकालपत्रं भरायची होती. वर्गात एकटी बसले होते. सहज वर बघितलं तर धाकट्या बाई दारात उभी राहून घंटा वाजवत होती. दोरी धरून, जोरजोरात, हात पार खांद्यापर्यंत हलत होता. नवा लोलक. मला एवढंच आलं, कुणी दूर कुठेतरी भांडं ठेवावं तसं.

मग ती समोर येऊन बसली. मी म्हटलं, "माझी सगळ्या वर्गासमोर शोभा केलीत. मला आधी का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "सांगितलं होतं बाई. नळावर. मला वाटलं तुम्ही रागावाल म्हणून हळू सांगितलं. तुम्ही म्हणालात, वर्ष संपू दे, मग बघू."

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बदली, ऑफिस, दलाल, काय काय बोलले होते मी हिला. ऑफिसात कशाला गेली होती, ते विचारलं. तोंडी परीक्षेऐवजी लेखी घ्या, अशी साहेबांची मनधरणी करायला गेली होती. कारण सांगितलं नाही म्हणून त्यांनी ऐकलं नाही. आणि टेबलाचं ते सगळं भिंगरीचं डोकं. सुपीक डोकं म्हणायचं की काय म्हणायचं. बाई रागावतात ते ऐकू न आल्यामुळे रागावतात, हे तिनेच आधी ओळखलं आणि अख्ख्या वर्गाला शिकवलं. पहिलीच्या पोरांना तर वाटतं की सगळ्याच शाळांत असंच बोलतात.

मी विचारलं, आता शाळा जाणार ना? माझ्यामुळे.

ती म्हणाली की साहेब काल जाताना तिला म्हणाले होते, निकालाच्या दिवशी फोन करतो. तेवढंच.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. ह्यांनी उठून रेडिओ लावला आणि स्वतःच आवाज मोठा करून माझ्याजवळ येऊन बसले. मला रडू आलं. रडले.

ता. १५, शनिवार

सकाळपासून अंगण भरलं होतं. एरवी निकालाला चार आया येतात, आज बापही आले होते, कामं सोडून. टेबल बाहेर काढलं, एकेकाला हाक मारून निकाल दिला. सगळे पास. पण कोणाचं लक्ष निकालावर नव्हतं. सगळे माझ्या टेबलावरच्या फोनकडे बघत होते.

भिंगरीने निकाल घेतला, पण वर बघितलं नाही. मी तिची हनुवटी धरून वर केली आणि म्हटलं, तुझं सगळं मला कळलंय, लबाडे. पुढच्या शाळेत असल्या युक्त्या करू नकोस, तिथल्या बाईंना ऐकू येत असेल. तेव्हा कुठे हसली. मुंगी आईच्या मागे लपली होती. मोठ्या मुलांनी तिला परवापासून धारेवर धरलं होतं म्हणे, तुझ्यामुळे शाळा बंद होणार म्हणून. तिला पुढे घेऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं की हिने उत्तर बरोबर दिलं होतं. पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि फोन थरथरला.

अंगण चिडीचूप झालं असणार. सगळ्यांचे ओठ एकदम थांबले.

मी फोन कानाला लावला. आत कोणीतरी बोलत होतं, एवढं कळत होतं. भिंतीपलीकडे बोलावं तसं. शब्द एकही नाही. कान बदलला, तेच. आजवर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. "हो साहेब, बरं साहेब" म्हणून फोन ठेवला असता आणि मग लोकांच्या तोंडाकडे बघत काहीतरी जुळवलं असतं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. भिंगरीने एक पाऊल पुढे टाकलं, मला सावरायला. तिला हातानेच थांबवलं.

फोनमध्ये म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "साहेब, मला ऐकू येत नाही. आमच्या बाईंकडे देते."

असं आजवर कधी कोणाला म्हटलं नव्हतं. पण म्हटलं.

धाकट्या बाईंनी दोन्ही हातांनी फोन घेतला. ऐकत राहिली. मध्येच माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. तिच्या चेहऱ्यावरून मला काही उमगेना, आणि आज मी उमगून घेणारही नव्हते. मी वाट बघितली. मुंगीच्या आईने मुंगीला घट्ट धरलं होतं. फोन खाली ठेवून ती टेबलाला वळसा घालून आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच काडीसारख्या नव्हे तर भरल्या आवाजात म्हणाली, "शाळा राहिली, बाई."

मला ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "पुन्हा सांग."